कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी

(स्काउट-गाइडच्या शिबिरात, शेतावर आणि अनेक घरी सरपण फोडण्यासाठी कुऱ्हाड लागते. कुऱ्हाड कशी पारखावी, कशी न्यावी आणि लाकूड कसे फोडावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)



उर्दूत एक मुहावरा आहे, 'अपने पाँव पर कुल्हाडी मारना'. मराठीतही अगदी तसाच वाक्प्रचार आहे, 'आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे'. स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करून घेणे, असा दोन्हींचा अर्थ आहे. परीक्षा जवळ आली असताना कोणी अभ्यास सोडून हिंडू लागला, तर आपण हा वाक्प्रचार सहज वापरतो. पण ज्याने खरोखर लाकूड फोडले आहे, त्याला यातला पाय आणि यातली कुऱ्हाड दोन्ही खरी वाटतात. नेम चुकलेली कुऱ्हाड खाली येते, आणि खाली आपलेच पाय असतात.

म्हणून कुऱ्हाडीचा पहिला धडा घाव घालण्याचा नाही. घाव घालण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारण्याचा आहे. 'हा घाव चुकला, तर कुऱ्हाड कुठे जाईल?' हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढचे सगळे नियम या एकाच प्रश्नातून निघाले आहेत.

आपल्या जालना जिल्ह्यात कुऱ्हाड कोणाला ठाऊक नाही? शेताच्या बांधावरची वाळलेली बाभूळ तिनेच फोडतात. लग्नाच्या दावतीत मोठमोठ्या देगी चढतात, तेव्हा वखारीतून आणलेले ओंडके अंगणात फोडले जातात. गॅसची शेगडी घरोघरी आली, तरी पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला चूल अजून पेटते. मात्र आपल्या भागात जंगल थोडे आहे. म्हणून तुरीचे पीक निघाले की तुराट्या आणि कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या घरी आणून रचून ठेवतात. त्या हातानेही मोडतात. कुऱ्हाड लागते ती जाड लाकडासाठी.

आता कुऱ्हाडीची ओळख करून घेऊ. तिचे मुख्य भाग दोनच, लोखंडी पाते आणि लाकडी दांडा. दांड्याला तुम्ही दस्ता म्हणता. पात्याला एक आरपार भोक असते, त्याला 'नेढे' म्हणतात. सुईच्या भोकालाही मराठीत नेढेच म्हणतात. नेढ्यात दांडा बसवतात आणि तो घट्ट राहावा म्हणून वरून लाकडाची किंवा लोखंडाची पाचर ठोकतात. उर्दूतला 'पच्चर' आणि मराठीतली 'पाचर' एकच. ही पाचर दिसायला लहान असते, पण सगळी भिस्त तिच्यावर असते. ती सुटली, तर पाते दांड्यावरून निसटते आणि समोरच्या माणसाकडे दगडासारखे भिरकावले जाते.

पाते आणि दांडा पक्के जोडावेत कसे, हा प्रश्न माणसापुढे फार जुना आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेरजवळ जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्यांना नेढे नाही. पुढे लोखंडाचा काळ आला. विदर्भात माहुरझरी आणि नायकुंड येथे मोठ्या दगडांची वर्तुळे रचून केलेली जुनी दफने आहेत. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्यांतल्या काही पात्यांवर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आहेत. या पट्ट्यांनी पाते दांड्याला आवळून बांधत असत. पुढे पात्यालाच नेढे पाडण्याची रीत रूढ झाली आणि जोड अधिक पक्का झाला. तरीही पाते सैल होण्याची भीती पूर्णपणे गेली नाही.

तुमच्या गावच्या आठवडी बाजारात लोहाराचे दुकान पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला घिसाडी समाजाची कुटुंबेही काम करताना दिसतात. भात्याने हवा देऊन कोळसे फुलवतात, लाल झालेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरतात आणि दुसरे माणूस घण मारते. पुष्कळदा घरातली स्त्रीच घण चालवते. पुरुष सांडशी फिरवतो आणि स्त्री नेमकी त्याच जागी घाव घालते. दोघांचा ताल कधी चुकत नाही. कुऱ्हाडीसाठी अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरतात, कारण त्याची धार टिकते. दांड्यासाठी बाभळीचे लाकूड चालते. धावड्याचे मिळाले तर उत्तम, कारण ते चिवट असते आणि घावाचा धक्का सहन करते.

समजा, तुमच्या शाळेच्या स्काउट पथकाचे शिबिर घाणेवाडी तलावाच्या बाजूला किंवा भोकरदनकडच्या डोंगराळ भागात भरले आहे. स्वयंपाकासाठी सरपण फोडायचे आहे. सरांनी तुमच्या हाती लहान दांड्याची कुऱ्हाड दिली. आता काय करावे?

प्रथम कुऱ्हाड तपासा. दांड्याला चीर गेली आहे का? पाचर जागेवर आहे का? पाते हलते का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या कोरड्या हवेत दांड्याचे लाकूड आकसते आणि पावसाळ्यात घट्ट असलेले पाते वैशाखात खुळखुळू लागते. काही जण अशी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि पाते घट्ट बसल्यासारखे वाटते. पण ते वाळले की पाते पुन्हा सैल होते, आणि तेही काम चालू असतानाच. म्हणून पाणी हा उपाय नव्हे. नवी पाचर ठोकून घ्यावी किंवा दांडा बदलावा.

धारही पाहा. बोथट कुऱ्हाड कमी धोक्याची, असे अनेकांना वाटते. खरे उलट आहे. धारदार कुऱ्हाड लाकडात रुतते. बोथट कुऱ्हाड लाकडावरून घसरते, आणि घसरलेली कुऱ्हाड पायाकडे येते. शिवाय बोथट कुऱ्हाडीला जोर जास्त लावावा लागतो आणि हात लवकर दमतात. धार गेली असेल, तर कानशीने किंवा दगडावर धार लावावी. पाते फारच झिजले असेल, तर लोहाराकडून शेवटून आणावे.

आता कुऱ्हाड न्यायची कशी, ते पाहू. शेतकरी ती खांद्यावर टाकून चालतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या पायांना बांधाची वाट पाठ असते. तुम्ही मात्र तसे करू नका. 'पाय घसरला, तर कुऱ्हाड कुठे जाईल?' असे विचारा. खांद्यावरची धार मानेजवळ असते, हे उत्तर लगेच मिळेल. म्हणून कुऱ्हाड हातात न्यावी. दांडा पात्याच्या अगदी जवळ धरावा, हात सरळ खाली सोडावा आणि धार पुढच्या बाजूला ठेवावी. सोबती डावीकडे असेल, तर कुऱ्हाड उजव्या हातात असावी. तोल गेलाच, तर ती मोकळ्या बाजूला टाकून द्यावी. कुऱ्हाड वाचवण्याच्या नादात तिच्यावरच पडू नये.

लांबच्या प्रवासात धार झाकलीच पाहिजे. सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा धारेवर चढवून सुतळीने बांधला, की झाले चांगले म्यान. त्यावर गोणपाट गुंडाळावे. एसटीने जायचे असेल, तर कंडक्टरना आधी सांगावे आणि कुऱ्हाड सामानाच्या तळाशी ठेवावी. सायकलच्या दांडीला उघडी कुऱ्हाड कधीही अडकवू नये.

कुऱ्हाड दुसऱ्याला देण्याचीही एक रीत आहे. ती कधी फेकू नये. पाते खाली राहील अशी उभी धरून दांड्याचे टोक घेणाऱ्याच्या हाती द्यावे. त्याने 'घेतली' असे म्हटल्यावरच आपली पकड सोडावी.

लाकूड फोडण्याची जागा तंबूपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी. कुऱ्हाड हातात धरून हात लांब करा आणि सावकाश स्वतःभोवती फिरा. कोठेही काही लागता कामा नये. मग डोक्यावर पाहा. झाडाची फांदी, तंबूची दोरी किंवा कपड्यांची तार असेल, तर घाव मध्येच अडतो आणि कुऱ्हाड उलटते. पाहणाऱ्यांनी दहा-बारा फूट लांब उभे राहावे, कारण ढलप्याही उडतात. पायांत चपला नकोत, बूट हवेत. ओढणी, रुमाल आणि सैल बाह्या नीट खोचून घ्याव्यात.

लाकूड जमिनीवर ठेवून फोडू नये. जमिनीतला दगड धारेला लागला, की धार जाते आणि ठिणगी उडते. खाली जाड ओंडक्याचा ठोकळा घ्यावा. फोडायचे लाकूड ठोकळ्याच्या मध्यावर किंवा पलीकडच्या कडेकडे उभे करावे. असे केल्याने घाव चुकला, तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, पायापर्यंत येत नाही. दोन्ही पाय सारख्या अंतरावर फाकवून उभे राहावे, एक पाय पुढे ठेवू नये. लांब दांड्याची कुऱ्हाड असेल, तर घाव खाली येताना गुडघे थोडे वाकवावेत. लहान कुऱ्हाड असेल, तर ठोकळ्यापुढे गुडघे टेकून बसावे. लहान कुऱ्हाडीचा फेरा आखूड असतो. उभ्याने चुकलेला घाव नडगीवर येतो, बसून चुकलेला घाव ठोकळ्यावर किंवा जमिनीवर थांबतो.

लाकूड फुटते कसे, हेही समजून घ्या. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यांना आडवे कापणे अवघड, पण एकमेकांपासून वेगळे करणे सोपे. कुऱ्हाडीचे पाते म्हणजे एक पाचरच आहे. ते आत शिरते आणि तंतूंना दोन्ही बाजूंना ढकलते. वाळलेल्या ओंडक्याच्या तोंडावर बारीक चिरा दिसतात. त्या चिरेच्या रेषेत घाव घालावा. जेथे फांदी फुटलेली असते, तेथे गाठ असते आणि तंतू वळलेले असतात. गाठीवर घाव घालून शक्ती वाया घालवू नये. मोठा ओंडका असेल, तर मध्यभागी घाव घालण्याऐवजी कडेकडून एकेक फाळ काढावी.

जोरापेक्षा वेग महत्त्वाचा असतो. विज्ञानाच्या तासाला तुम्ही गतिज ऊर्जा शिकता. वस्तुमान दुप्पट केले, तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला, तर ती चौपट होते. म्हणून फार जड कुऱ्हाड झेपत नसताना उचलण्यात शहाणपणा नाही. आपल्याला पेलेल अशी कुऱ्हाड घ्यावी आणि तिला सरळ, मोकळे खाली येऊ द्यावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. लाकूड हाताने किंवा पायाने धरून त्यावर घाव घालू नका. दुसऱ्याने धरलेल्या लाकडावर तर मुळीच नको. लाकूड बारीक असेल आणि उभे राहत नसेल, तर धार त्यात थोडी रुतवा, मग लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटा. लाकूड आपोआप चिरते. कुऱ्हाड ओंडक्यात अडकली, तर हिसका देऊ नका. दांडा वर-खाली हलवून ती सावकाश सोडवा. दुसऱ्या कुऱ्हाडीच्या पाठीवर लोखंडी घाव घालू नका. पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

दमलात की थांबा. अंधार पडू लागला की थांबा. सरपण दिवसाउजेडी फोडून ठेवावे. काम संपल्यावर कुऱ्हाड जमिनीवर टाकू नये, उभ्या झाडातही रोवू नये. धार झाकून ती सरांच्या ताब्यात द्यावी.

इतके करूनही जखम झालीच, तर घाबरू नका. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. 'थांबले का?' म्हणून कापड सारखे उचलू नका. दहा मिनिटे दाब सोडू नका. जखमी हात किंवा पाय उंच ठेवा. माती, तंबाखू, हळद असे काहीही जखमेत भरू नका. जखम खोल असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे. दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

शेवटची गोष्ट झाडांची. शिबिरात सरपणासाठी उभे, हिरवे झाड तोडू नये. पहिले कारण असे, की ओल्या लाकडात पाणी पुष्कळ असते. आगीची बरीचशी उष्णता ते पाणी आटवण्यात जाते. भात शिजत नाही, डोळे मात्र धुराने भरतात. दुसरे कारण कायद्याचे. १९६४ च्या महाराष्ट्रातील वृक्षतोड कायद्यानुसार साग, आंबा, चिंच यांसारखी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती स्वतःच्या शेतात का असेनात. तिसरे कारण आपण सगळे उन्हाळ्यात अनुभवतो. बांधावरचे एखादे कडुनिंबाचे झाड दुपारी किती माणसांना आणि जनावरांना सावली देते! म्हणून वाळून पडलेली लाकडे गोळा करा, आणि तीही जागेच्या मालकाला विचारून. चूल पेटवायला तुराट्या घ्या, वर बाभळीच्या फाळी रचा. बाभळीचा विस्तव कडक असतो आणि बराच वेळ टिकतो.

मराठीत एक म्हण आहे, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ'. दांडा लाकडाचा, आणि तोच लाकडाच्या कुळाचा नाश करतो. म्हण आपल्याच माणसांचे वाईट करणाऱ्यासाठी आहे. पण दांडा काही आपणहून उठत नाही. तो कोणाच्या तरी हातात असतो. कुठे घाव घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे त्या हाताने ठरवायचे असते. उद्या तुमच्या हाती कुऱ्हाड आली, तर आधी सभोवार पाहा, पायांकडे पाहा, मगच ती उचला.

शब्दार्थ

सरपण : जळाऊ लाकूड, ईंधन
ओंडका : झाडाच्या खोडाचा जाड तुकडा
वखार : लाकडे साठवण्याची व विकण्याची जागा
तुराट्या : तुरीची वाळलेली झाडे
पऱ्हाट्या : कापसाची वाळलेली झाडे
भिस्त : भरवसा
ढलपी : लाकडाचा उडालेला चपटा तुकडा
फाळ : ओंडका उभा फोडून निघालेला लांब तुकडा
शेवटणे : लोखंडी अवजार तापवून, ठोकून पुन्हा धार काढणे
नडगी : गुडघ्याखालचे पुढचे हाड
गोत : कुळ, नातेवाईक
काळ : (येथे) नाश करणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पात्याच्या भोकाला काय म्हणतात?
(आ) तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी कोठे सापडल्या?
(इ) कुऱ्हाड हातात नेताना धार कोणत्या बाजूला असावी?
(ई) दांड्यासाठी कोणकोणते लाकूड वापरतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) उन्हाळ्यात कुऱ्हाडीचे पाते सैल होते.
(आ) बोथट कुऱ्हाड अधिक धोक्याची असते.
(इ) लहान कुऱ्हाडीने गुडघे टेकून लाकूड फोडावे.
(ई) ओले लाकूड सरपणासाठी घेऊ नये.

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) दांडा घट्ट राहावा म्हणून ........ ठोकतात.
(आ) वेग दुप्पट केला, तर ऊर्जा ........ होते.
(इ) जखम ........ मिनिटे दाबून धरावी.

प्र. ४. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा. कोणते शब्द सारखे वाटतात ते सांगा.
कुऱ्हाड, लाकूड, पाचर, धार, गाठ, लोहार, चूल

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
(अ) आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे
(आ) भिस्त असणे
(इ) शक्ती वाया घालवणे

उपक्रम : तुमच्या गावातील लोहाराला किंवा सुताराला भेटा. त्यांच्या हत्यारांची मराठी आणि उर्दू नावे विचारून वहीत लिहा.